नासाकोटर शोथ, चिरकारी

नाक आणि त्याच्या सभोवतालच्या हाडांमधील हवायुक्त पोकळ्या यांच्या अस्तराला येणारी व बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकणारी दाहयुक्त सूज म्हणजे चिरकारी (दीर्घकालिक) नासाकोटर शोथ होय. व्यवहारात या विकाराला नुसते ‘सायनस’ असेच म्हणतात. वास्तविक ते रोगाचे नाव नसून प्रत्येकाच्या शरीरात असणाऱ्या पोकळीचे, म्हणजे कोटराचे, नाव आहे. कोटरांचे अस्तर हा नाकाच्या अस्तराचाच सलग भाग असल्यामुळे एकाचा शोथ दुसऱ्यात सहसा असतोच. हा विकार जिवावर क्वचितच बेततो. परंतु झोप, गंधज्ञान, अन्नाची रुची व कामातील लक्ष यांवर तो वर्षानुवर्षे परिणाम करीत राहतो. बहुसंख्य रुग्णांत एकदाच औषध घेऊन तो कायमचा बरा होत नाही, मात्र ताब्यात ठेवता येतो. त्याची प्रमुख साधने दोन आहेत : मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारावयाचे औषधी फवारे. दोन्ही रुग्णाने स्वतःच वापरावयाची असल्यामुळे त्यांच्यामागील तत्त्व, योग्य कृती व संभाव्य धोके यांची माहिती त्याला असणे आवश्यक आहे.

रचना व कार्य : नासाकोटरांच्या चार जोड्या आहेत. गालांच्या मागे ऊर्ध्वहनू कोटरे, भुवयांच्या वर ललाट कोटरे, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये अनेक लहान कप्प्यांची बनलेली झर्झरिका कोटरे आणि त्यांच्याही मागे, कवटीच्या तळाशी, जतूक कोटरे असतात. ऊर्ध्वहनू व झर्झरिका कोटरे जन्मतः लहान आकारात असतात. ललाट कोटरे बालपणात हळूहळू तयार होऊन तारुण्याच्या सुमारास पूर्ण वाढतात. प्रौढातील ऊर्ध्वहनू कोटराची धारणशक्ती सुमारे १५ मिलि. असते. या कोटराचे सविस्तर वर्णन नथॅन्येल हायमोर या इंग्रज वैद्यांनी १६५१ साली केले. [→ नाक].

कोटरांच्या आतील श्लेष्मकलेवर (बुळबुळीत अस्तरावर) श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. त्याखालील कोशिकांना केसासारखी सूक्ष्म प्रवर्धे असून त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. त्या सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा एका दिशेने हलतात आणि श्लेष्म्याचा थर, त्यात अडकलेली धूळ, परागकण व सूक्ष्मजंतू यांसह, मिनिटाला सुमारे ६ मिमी. वेगाने पुढे सरकवितात. हा श्लेष्मा नाकाच्या मागील बाजूने घशात उतरून नकळत गिळला जातो. ऊर्ध्वहनू कोटराचे द्वार त्याच्या तळाशी नसून वरच्या भागात असते. त्यामुळे माणूस उभा किंवा बसलेला असताना श्लेष्म्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते आणि ते काम केवळ पक्ष्माभिकांमुळेच होते. पक्ष्माभिकांची गती मंदावली किंवा कोटराचे द्वार सुजेने बंद झाले, तर श्लेष्मा आत साचतो, घट्ट होतो व सूक्ष्मजंतूंच्या वाढीस अनुकूल होतो. साचलेल्या स्रावामुळे सूज वाढते आणि वाढलेल्या सुजेमुळे द्वार अधिकच अरुंद होते. चिरकारी विकार टिकून राहतो तो या दुष्टचक्रामुळे.

श्लेष्मा कोटराच्या द्वाराकडे ठराविक मार्गानेच वाहतो, हे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील व्हाल्टर मेसरक्लिंगर यांनी नासा-परिदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. कोटराचे अस्तर खरवडून काढण्यापेक्षा त्याचा नैसर्गिक निचरा पूर्ववत करणे श्रेयस्कर, हे आधुनिक चिकित्सेचे सूत्र त्यातूनच पुढे आले.

कारणे : चिरकारी शोथ हा केवळ जंतुसंसर्ग नव्हे. तीव्र स्वरूपाचा नासाकोटर शोथ बहुधा व्हायरसजन्य सर्दीनंतर होतो व चार आठवड्यांच्या आत शमतो. चिरकारी प्रकारात अस्तराची दीर्घकाळ टिकणारी दाहक प्रतिक्रिया हाच मूळ दोष असतो. ॲलर्जी (अधिहर्षता), दमा, तंबाखूचा धूर, धूळ व धुराशी व्यवसायामुळे येणारा संबंध, नाकाच्या मधल्या पडद्याची वक्रता, रोगप्रतिकारक्षमतेतील उणिवा व पक्ष्माभिकांचे जन्मजात दोष यांचा तीमध्ये कमीअधिक वाटा असतो. काही रुग्णांत सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे मऊ, फिकट लोंबते भाग तयार होतात. त्यांना नासा-पॉलिप म्हणतात. पॉलिप, दमा व ॲस्पिरिनासारखी वेदनाशामके सहन न होणे ही तीन लक्षणे काहींत एकत्र आढळतात. अशा रुग्णाने वेदनाशामक औषध स्वतःच्या विचाराने घेऊ नये. वरच्या दाढांची मुळे ऊर्ध्वहनू कोटराच्या तळाशी अगदी निकट असल्यामुळे किडलेल्या दाढेचा संसर्गही कोटरात पोहोचतो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास दातांची तपासणी अवश्य करावी.

लक्षणे व निदान : नाक चोंदणे आणि नाकातून अथवा मागे घशात घट्ट स्राव येणे ही दोन मुख्य लक्षणे आहेत. चेहऱ्यावर दाब वा वेदना जाणवणे आणि गंधज्ञान कमी होणे ही त्यांच्या जोडीची लक्षणे होत. लहान मुलांत गंधनाशाऐवजी खोकला अधिक आढळतो. मुख्य लक्षणांपैकी किमान एक धरून एकूण दोन किंवा अधिक लक्षणे बारा आठवडे टिकली आणि परिदर्शकाने केलेल्या तपासणीत किंवा सीटी स्कॅन चित्रणात शोथाचा पुरावा मिळाला, तर निदान निश्चित होते.

केवळ डोके दुखते म्हणून ‘सायनस’ आहे असे मानणे चुकीचे ठरते. कोटरांमुळे डोकेदुखी होते असा स्वतःचा समज असलेल्या किंवा तसे निदान झालेल्या २,९९१ व्यक्तींची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत ८८ टक्के व्यक्तींची डोकेदुखी अर्धशिशीच्या निकषांत बसणारी होती. अर्धशिशीतही नाक चोंदते व डोळ्यांतून पाणी येते. स्राव व गंधनाश नसताना वारंवार होणाऱ्या डोकेदुखीवर नाकाचे उपचार करीत राहिल्यास मूळ विकार उपचारांवाचून राहतो.

नासाधावन : भारतात नाकावाटे औषध व पाणी घेण्याची परंपरा प्राचीन आहे. आयुर्वेदात प्रतिश्याय व पीनस या विकारांचे वर्णन असून नस्य (नाकात औषधी तेल इ. सोडणे) हे पंचकर्मांपैकी एक आहे. हठयोगातील षट्कर्मांत नेतीचा समावेश होतो. हठप्रदीपिकेत वर्णिलेली नेती मात्र सुताची आहे. घेरंडसंहितेत नाकपुड्यांनी पाणी ओढून ते तोंडावाटे बाहेर टाकण्याच्या क्रियेला व्युत्क्रम कपालभाती म्हटले आहे. तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीतून पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढण्याची क्रिया आज जलनेती या नावाने परिचित आहे.

आधुनिक वैद्यकातही नासाधावन हा प्राथमिक उपचार मानला जातो. त्यामुळे घट्ट श्लेष्मा, खपल्या, ॲलर्जीकारक कण व दाह वाढविणारी द्रव्ये धुऊन जातात, अस्तर ओलसर राहते व पक्ष्माभिकांचे कार्य सुधारते. शिवाय, नंतर मारलेला औषधी फवारा श्लेष्म्यावर न पडता अस्तरावर पडतो. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात धावनाचे पाणी कोटरांच्या आत फारसे शिरत नाही. ते मुख्यतः नासामार्ग व कोटरांच्या द्वारांजवळचा भाग स्वच्छ करते. शस्त्रक्रियेने द्वारे रुंद केलेली असल्यास ते कोटरांतही पोहोचते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७६ प्रौढांवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने सहा महिने रोज २ टक्के लवणजलाने नाक धुतले. धावन न करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची लक्षणे व औषधांचा वापर कमी झाला. मात्र या विषयावरील चाचण्या थोड्या व लहान असून लाभाचे नेमके प्रमाण सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. मोठ्या प्रमाणातील (प्रत्येक नाकपुडीस सुमारे १०० ते २०० मिलि.) व कमी दाबाचे धावन हे लवणजलाच्या बारीक फवाऱ्यापेक्षा अधिक उपयुक्त असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

*विद्राव :* साधे पाणी नाकात गेल्यास झोंबते, कारण त्यातील लवणांचे प्रमाण शरीरद्रवापेक्षा पुष्कळच कमी असते व तर्षणाने ते अस्तराच्या कोशिकांत शिरते. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅ. मीठ (०·९ टक्के) असलेला विद्राव शरीरद्रवाशी समतुल्य असल्याने झोंबत नाही. घरी अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा (सुमारे ५ ग्रॅ.) मीठ घातल्यास साधारण १ टक्का विद्राव तयार होतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास तो अधिक सुसह्य होतो. आयोडीन व गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्ये काहींच्या अस्तराला त्रासदायक ठरतात. अशांनी ती नसलेले शुद्ध मीठ किंवा औषधविक्रेत्यांकडील तयार पुड्या वापराव्यात. अधिक तीव्र (२ ते ३ टक्के) विद्रावाने सूज काहीशी उतरते, पण जळजळही वाढते. पाणी कोमट असावे; गरम कधीही नसावे.

*पाण्याची शुद्धता :* या उपचारातील सर्वांत महत्त्वाची खबरदारी हीच होय. पिण्यास योग्य असलेले पाणी नाकात घालण्यास योग्य असतेच असे नाही. गोड्या, विशेषतः उबदार, पाण्यात नेग्लेरिया फौलेरी नावाचा अमीबा राहतो. तो पोटात गेल्यास अपाय होत नाही. परंतु नाकात गेल्यास गंध-तंत्रिकेच्या मार्गाने मेंदूत शिरून मस्तिष्कशोथ उत्पन्न करतो व त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. या रोगाचे पहिले वर्णन ऑस्ट्रेलियात १९६५ साली झाले. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली दोन व्यक्ती या रोगाने दगावल्या. दोघांनीही नेतीच्या भांड्यात घरच्या नळाचे पाणी वापरले होते. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मस्तिष्कशोथाचे अनेक रुग्ण आढळले. त्यांपैकी बऱ्याच जणांचा तळ्याच्या वा साठवलेल्या पाण्याशी संबंध आला होता. हा रोग अत्यंत विरळा आहे. तथापि तो टाळण्याचा उपाय सोपा आणि जवळजवळ विनाखर्च असल्यामुळे त्यात कसूर होता कामा नये.

धावनासाठी ऊर्ध्वपातित वा निर्जंतुक पाणी घ्यावे, अथवा पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट (२,००० मी. पेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे) उकळून, झाकून निववावे. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातील पाणीही उकळूनच घ्यावे. विहीर, नदी, टाकी अथवा नळ यांचे पाणी थेट वापरू नये. उकळलेले पाणी २४ तासांच्या आत वापरावे. भांडे किंवा बाटली प्रत्येक वेळी साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने विसळून पूर्ण वाळवावी आणि ती दुसऱ्याने वापरू नये.

*कृती :* हात धुऊन मोरीवर किंवा बेसिनवर कमरेतून पुढे वाकावे व मान किंचित एका बाजूस वळवावी. तोंड उघडे ठेवून तोंडाने श्वास घ्यावा. वरच्या नाकपुडीत भांड्याची तोटी टेकवून पाणी सावकाश सोडावे. ते दुसऱ्या नाकपुडीतून, काही अंशी तोंडातून, बाहेर येते. मग बाजू बदलून तीच क्रिया करावी. पाणी सोडताना बोलू वा गिळू नये. शेवटी पुढे वाकून उरलेले पाणी गळू द्यावे व एकेक नाकपुडी हळुवार शिंकरावी. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरल्यास पाणी व स्राव मध्यकर्णात ढकलले जातात. कानात दडा बसल्यास दाब कमी करावा. कान दुखू लागल्यास धावन थांबवावे. दिवसातून एकदा, लक्षणे वाढली असता दोनदा, धावन पुरेसे होते. काही पाणी उशिरा बाहेर येत असल्याने ते निजण्यापूर्वी किमान तासभर आधी करावे. नाक पूर्ण बंद असताना, कानाचा तीव्र संसर्ग असताना, तसेच डोक्याची गंभीर इजा किंवा कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया झाली असल्यास वैद्यांच्या सल्ल्याविना धावन करू नये.

औषधी फवारे : नाकात मारावयाच्या फवाऱ्यांचे प्रकार बाह्यतः सारखे दिसले, तरी त्यांचे कार्य व वापराचा कालावधी अगदी भिन्न आहेत. हा भेद न समजल्यामुळे रुग्णांचे बरेच नुकसान होते.

*स्टेरॉइड फवारे :* बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन इ. औषधे अस्तराचा दाह कमी करतात व पॉलिपांचा आकार घटवितात. चिरकारी विकारात हीच मुख्य औषधे आहेत. त्यांचा गुण तात्काळ येत नाही. काही दिवसांनी फरक जाणवू लागतो व पूर्ण परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. दोन-चार दिवसांत आराम न पडल्याने फवारा सोडून देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. हे फवारे नाक चोंदल्यावर मारावयाचे नसून नियमाने रोज मारावयाचे असतात.

‘स्टेरॉइड’ या शब्दामुळे अनेकांना भीती वाटते. गोळ्यांच्या तुलनेत फवाऱ्यातील मात्रा फार अल्प असते. त्यातही फ्लुटिकासोन व मोमेटासोन यांचा रक्तात पोहोचणारा अंश अत्यल्प असतो. नाक कोरडे पडणे व थोडे रक्त येणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. नाकाच्या मधल्या पडद्याला छिद्र पडणे विरळा. काचबिंदू वा मोतीबिंदू असलेल्यांनी व लहान मुलांनी ते वैद्यकीय देखरेखीखाली वापरावेत.

फवारा मारण्यापूर्वी नाक धुऊन १०-१५ मिनिटे थांबावे. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा व डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरल्यास तोटीचे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे वळते. फवारा मारताना श्वास हलकेच घ्यावा. जोराने हुंगल्यास औषध घशात उतरते व वाया जाते.

*वाहिनीसंकोचक फवारे व थेंब :* ऑक्सिमेटाझोलीन, झायलोमेटाझोलीन इ. औषधे अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करून काही मिनिटांतच नाक मोकळे करतात. हा तात्काळ गुणच त्यांचा धोका आहे. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक काळ वापरल्यास परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षाही अधिक चोंदते, रुग्ण पुन्हा थेंब घालतो आणि हळूहळू त्याला त्यांच्यावाचून झोप येईनाशी होते. या अवस्थेला औषधजन्य नासाशोथ म्हणतात. काही रुग्ण वर्षानुवर्षे अशी बाटली उशाशी बाळगून असतात व औषधाने निर्माण केलेल्या चोंदण्यालाच मूळ रोग समजतात. थेंब बंद करणे हाच त्यावरील उपाय होय. त्या काळातील त्रास स्टेरॉइड फवाऱ्याच्या व धावनाच्या साहाय्याने, प्रसंगी प्रथम एकच नाकपुडी सोडवून, सुसह्य करता येतो. साधारणपणे काही आठवड्यांत अस्तर पूर्ववत होते. उच्च रक्तदाब व हृद्‌विकार असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी ही औषधे सल्ल्याविना वापरू नयेत.

*हिस्टामीनरोधी फवारे :* शिंका, खाज व पाणी गळणे ही ॲलर्जीची लक्षणे प्रमुख असतील, तेथे ॲझेलास्टीनसारखे फवारे उपयोगी पडतात. ॲलर्जी नसलेल्या कोटर शोथात त्यांचा फारसा लाभ होत नाही. [→ ॲलर्जी].

इतर उपचार : प्रतिजैव औषधांचे स्थान चिरकारी प्रकारात मर्यादित असून ती जंतुसंसर्गाचा पुरावा असतानाच द्यावीत. पॉलिप मोठे असल्यास स्टेरॉइडाच्या गोळ्यांचा अल्पकालीन क्रम दिला जातो. वाफेने तात्पुरते बरे वाटते. परंतु उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून, विशेषतः मुले, भाजल्याच्या घटना घडत असल्यामुळे त्याबाबत सावधगिरी आवश्यक आहे. फवारे व धावन सुमारे तीन महिने योग्य रीतीने करूनही गुण न आल्यास परिदर्शकाद्वारे शस्त्रक्रियेचा विचार करतात. ऑस्ट्रियात हाइन्ट्स श्टामबेर्गर व अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८० नंतरच्या दशकात या पद्धतीचा प्रसार केला. तीत बाहेरून छेद न घेता कोटरांची नैसर्गिक द्वारे मोकळी केली जातात. शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा होतो, अस्तराची दाहक प्रवृत्ती नाहीशी होत नाही. म्हणून त्यानंतरही धावन व फवारे चालू ठेवावे लागतात. वारंवार उद्‌भवणाऱ्या तीव्र पॉलिपांवर दाहकारक संदेशवाही प्रथिनांचे कार्य रोखणारी प्रतिपिंड-औषधे उपलब्ध झाली आहेत. त्यांपैकी ड्युपिलुमॅब या औषधाला अमेरिकेत या विकारासाठी २०१९ साली मान्यता मिळाली. ही औषधे महाग असून निवडक रुग्णांतच वापरली जातात.

धोक्याची लक्षणे : कोटरे डोळ्यांच्या खोबणीला व मेंदूच्या आवरणाला लागून असल्यामुळे संसर्ग तेथे पसरू शकतो. डोळ्याभोवती सूज वा लाली, दुहेरी दिसणे किंवा दृष्टी कमी होणे, कपाळावर सूज, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान आखडणे, ग्लानी यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास तात्काळ रुग्णालयात जावे. केवळ एका बाजूचे चोंदणे, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा गाल बधिर होणे ही लक्षणे अर्बुदाचीही (गाठीचीही) असू शकतात. अनियंत्रित मधुमेह व दुर्बल प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तींत काही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून ऊतकांचा झपाट्याने नाश करतात. कोविड-१९ च्या साथीत २०२१ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आढळलेला ‘काळी बुरशी’ (म्यूकरमायकोसिस) हा रोग याच प्रकारचा होता. त्यात चेहरा दुखणे वा बधिर होणे, नाकात काळसर खपल्या, टाळूवर काळा डाग, दात हलणे ही लक्षणे दिसतात. अशा वेळी घरगुती धावनावर विसंबून एक दिवसही दवडू नये.

वरील लक्षणे नसलेल्या रुग्णांत मात्र उपचारांचा क्रम सरळ आहे. निदानाची खात्री करून घ्यावी, धूर व धूळ टाळावी, उकळून निवविलेल्या पाण्याच्या लवणजलाने रोज नाक धुवावे, त्यानंतर स्टेरॉइड फवारा नियमाने मारावा, तात्काळ आराम देणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. हा क्रम सातत्याने पाळणाऱ्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेवाचून सुसह्य आयुष्य जगता येते.